गालिबच्या गझलेतील कयामत

उर्दू गझलेत कयामत फार स्वस्त झालेली आहे. प्रेयसीची उंची कयामत, तिची चाल कयामत, विरहाची रात्रही कयामतच. दीर्घ वापराने हा शब्द गुळगुळीत झाला. मिर्झा गालिब (१७९७–१८६९) यानेही तो असा वापरला नाही असे नाही. परंतु मोजक्या शेरांत त्याने कयामतीला तिचे मूळ रूप परत दिले. ते रूप न्यायासनाचे आहे.

फरिश्त्यांच्या नोंदींवरून माणसाला धरले जाते; त्या नोंदी होताना माणसाच्या बाजूचे कोणी हजर होते काय, असा सवाल त्याचा एक प्रसिद्ध शेर करतो. हा शेर पुष्कळदा नास्तिकाचा उपहास म्हणून वाचला जातो. ते वाचन उथळ आहे. कुराणाच्या ८२ व्या सूरेत माणसावर नेमलेल्या लेखनिकांचा उल्लेख येतो. १७ व्या सूरेत ज्याचे पुस्तक त्यानेच वाचावे अशी आज्ञा आहे. मराठी वाचकाला येथे चित्रगुप्ताची वही आठवेल. पण ती चित्रगुप्त वाचतो, येथे आरोपीच वाचक आहे. ही कार्यपद्धती जितकी काटेकोर मानावी, तितकी गालिबची हरकत धारदार होते. न्यायासनच मानले नाही, तर साक्षीदाराची मागणी कशाला?

शिवाय या मागणीला ३६ व्या सूरेत आधीच उत्तर आहे. त्या दिवशी तोंडांवर मोहोर लागेल, हात बोलतील, पाय साक्ष देतील. म्हणजे माणसाच्या बाजूचा साक्षीदार हजर होताच. तो त्याचाच देह होता. शेर हे उत्तर उच्चारत नाही, पण जाणत्या श्रोत्याला ते ठाऊक असते. त्याचे हसू मध्येच अडखळावे, यात शेराचे सामर्थ्य आहे.

पेन्शनच्या दाव्यासाठी १८२८ मध्ये कलकत्ता गाठणाऱ्या आणि १८४७ मध्ये जुगाराच्या आरोपावरून कैद भोगणाऱ्या कवीला कचेरी परकी नव्हती. मात्र त्याच्या पुष्कळशा उर्दू गझला कलकत्त्याच्या प्रवासाआधीच्या आहेत. चरित्रावर फार भार टाकू नये.

आणखी एका शेरात तो म्हणतो की, केलेल्या पापांना शिक्षा असेल, तर न केलेल्या पापांच्या हुरहुरीलाही दाद मिळावी. मराठीतील ‘दाद मागणे’ या प्रयोगात टिकलेला न्यायमागणीचा अर्थच येथे महत्त्वाचा. ९९ व्या सूरेनुसार कणभर भलेबुरेही त्या दिवशी दृष्टीस पडेल. गालिब तोच तराजू पुढे ओढतो आणि त्यात हुरहूर ठेवतो. ती कोणत्या पारड्यात जावी, हे तो सांगत नाही.