‘महाबोधी’तील दोन लेख आणि रोहिणीचे पाणी

कलकत्त्याच्या ‘महाबोधी’ मासिकातील दोन लेख आम्ही अलीकडे लागोपाठ वाचले. पहिला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, बुद्ध व त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावरील, १९५० च्या वैशाख अंकातील. दुसरा म्हणजे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे ‘जीवक’ या नावाने १९५९ साली आलेले परीक्षण. ग्रंथाचे नाव ‘आंबेडकर आणि त्यांचा धम्म’ असे हवे होते, समाजसुधारणेच्या व राजकारणाच्या हेतूने अधम्मच धम्म म्हणून सांगितला गेला, असा परीक्षणकाराचा आक्षेप आहे.

शब्द झोंबतात. तथापि पहिला लेख शेजारी ठेवला की आक्षेपाची धार बोथट होते. धर्म विज्ञानाशी सुसंगत असावा, त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता मानावी, दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये, ही कसोटी बाबासाहेबांनी त्याच मासिकात नऊ वर्षे आधी उघडपणे मांडली होती. सामाजिक हेतू हा लपवलेला डाव नव्हताच.

पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचेच पाहा. वृद्ध, रोगी व प्रेत यांच्या दर्शनाची कथा नाकारून बाबासाहेबांनी शाक्य-कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे कारण दिले. अट्ठकथेत हा तंटा येतो तो बुद्धत्वप्राप्तीनंतर, आणि तो मिटवतात स्वतः भगवान. म्हणजे प्रसंग जुना, त्याची जागा नवी. हे आपण झाकून का ठेवावे? सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात तर भगवान स्वतःचा संवेग सांगतात : अल्प जलातील मत्स्यांसारखी तडफडणारी, परस्परांशी झुंजणारी माणसे पाहून आपणांस भय वाटले, असे. आमच्या मते बाबासाहेबांच्या मांडणीला याहून बळकट आधार शोधावा लागत नाही. भदन्त आनंद कौसल्यायनांनी हिंदी अनुवाद करताना ग्रंथाचे पाली आधार शोधून दिले, ते उत्तर संतापाहून कितीतरी मोलाचे.

वर्षावासात परभणी, पूर्णा, जिंतूरकडील विहारांतून हा ग्रंथ श्रद्धेने वाचला जातो. जायकवाडीच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचेल की नाही, ही चिंता ज्या श्रोत्यांना ठाऊक आहे त्यांना रोहिणीचा तंटा उलगडून सांगावा लागत नाही. परंतु ग्रंथाच्या प्रास्ताविकातील चार प्रश्न मात्र वाचक भरभर ओलांडतात. गृहत्याग, चार आर्यसत्ये, आत्मा-कर्म-पुनर्जन्म आणि भिक्खू यांविषयीचे हे प्रश्न सोडविण्यास वाचकांनी हातभार लावावा, अशी अपेक्षा बाबासाहेबांनी तेथेच व्यक्त केली आहे. येत्या आषाढी पौर्णिमेस पहिल्या प्रकरणाआधी ती पाने सावकाश वाचावीत, आणि वाचून झाल्यावर श्रोत्यांना बोलू द्यावे.