समर्थ आणि चेटकीण

गंगापुरास घरी रात्री पुस्तक मिटताना आम्हांस भय वाटावयास हवे होते. वाटला तो विसावा. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या समर्थकथांची खरी गोडी हीच. संकट कितीही अघोर असो, समर्थ धावून येणार, अप्पा सोबतीस असणार, ही खात्री वाचकास आरंभापासूनच असते.

इंग्रजीतील अशा मालिकांची नायिका पुष्कळदा चेटकीणच असते. ती शेजाऱ्यांस चहा पाजते आणि खुनाचा छडाही लावते. आमच्याकडे तारणहार पुरुष. चेटकीण, रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चिंचीप्रमाणे, हसण्याभिण्यापुरतीच. कारण उघड आहे. येथे हा शब्द केवळ गोष्टीतला नव्हे. त्यापायी जिवंत स्त्रियांचा छळ झाला आहे. अशा अघोरी प्रकारांस आळा घालण्यासाठी महाराष्ट्रास २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

तो कायदा आम्हांस शिरोधार्य आहे. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, ज्या शब्दाने बाईला गावाबाहेर घालविले, त्याच शब्दाची एखादी शहाणी, मायाळू नायिका मराठी लेखकाने अवश्य घडवावी. भुतांवर विश्वास नसूनही समर्थकथांत रमणारा वाचक तिला परकी मानणार नाही.