पहिली वेलांटी

‘पिंपळे गुरव’ हे नाव डिझाइनच्या कुठल्याही सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला पुरेसे आहे. युनिकोडमध्ये आधी ‘प’, मग पहिली वेलांटी, मग अनुस्वार अशी नोंद होते. डोळ्यांना मात्र वेलांटी डावीकडे दिसायला हवी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने करायची असते. अडोबीच्या फोटोशॉपने अनेक वर्षे ती केली नाही. वेलांटी ‘प’च्या उजवीकडे लोंबकळे, जोडाक्षरे सुटी पडत. इनडिझाइनला भारतीय लिप्यांची सोय २०१२च्या सीएस६ मालिकेत मिळाली, तीही शोधून चालू करावी लागे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची आहे.

व्यावसायिक डिझायनरांची तक्रार बहुधा वर्गणीबद्दल असते. ती रास्तच आहे. पण वर्गणी जगभर सगळेच भरतात. आपले नाव धड लिहिता न येणे मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

यातून वाट काढली ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या फॉन्टांनी. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. सॉफ्टवेअरच्या समजुतीप्रमाणे मजकूर इंग्रजीच. वेलांटी आधी टाइप करायची, खिळे जुळवल्यासारखी. म्हणून तर २००१ साली शेवटची आवृत्ती निघालेला पेजमेकर मराठी छापखान्यांत पुढे कितीतरी वर्षे टिकला. डीटीपी करणाऱ्यांना जुनाट म्हणून हिणवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. उद्या छपाईला जाणारे पान आज रात्री मोडणार नाही, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती जुन्या जोडीनेच पुरवली.

किंमत मात्र मजकुराने मोजली. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याच फाइलीत रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्यात लेखकाचे नावही शोधता येत नाही. दिवाळी अंकांची कितीतरी पाने अशा फाइलींत पडून आहेत. यात आम्हा संपादक मंडळींचाही वाटा आहे: पान नीट दिसते ना, एवढेच आम्ही पाहिले, फाइलीत काय साठले आहे, हे विचारले नाही.

आजही लेखकाचा युनिकोड मजकूर छपाईसाठी जुन्या फॉन्टात जातो आणि संकेतस्थळासाठी पुन्हा युनिकोडमध्ये येतो. मुद्रितशोधन दोनदा करावे लागते. या येरझारीत एखाद्या अर्ध्या ‘र’चा रफार झाला, की सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ परत येताना ‘दर्या’ होऊन येतात.