राजूरच्या लेखकाचा मोबाइल

अकोले तालुक्यातलं राजूर म्हणजे डांगाण या डोंगराळ पट्ट्यातल्या गावांचं बाजाराचं गाव. भंडारदऱ्याची वाट इथूनच पुढे जाते, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे आहे, डांगी जनावरांचं प्रदर्शन इथे भरतं आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं शिकायला इथेच येतात. त्यातल्या एखाद्या मुलीला कथा लिहावीशी वाटली, तर पूर्वी तिच्यापुढे वही, शाळेतलं पुस्तकांचं कपाट आणि पुण्यामुंबईच्या मासिकाचा पत्ता एवढंच असे. आता तिच्या हातात मोबाइल आहे. त्यावर मराठीत लिहिणाऱ्याला नेमकं काय मिळतं आणि त्याने ऑनलाइन मराठी कथा किती पुढे गेली, हे एकदा नीट पाहायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. साधनं उदंड झाली, कथा मात्र त्या मानाने सुधारली नाही. आपण साधनं वापरली ती भराभर लिहिण्यासाठी. लिहिलेलं पुन्हा तपासण्यासाठी त्यांच्याकडे कुणी वळलंच नाही.

टंकनाचा प्रश्न सुटला, हे आधी मान्य करू. श्रीलिपी, आकृती या जुन्या फॉन्टांच्या काळात फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसायची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे; मराठीचा ‘ॲ’ मात्र त्यात २००८ साली आला. २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टंकन करण्याची सोय दिली आणि कळफलकाला घाबरणारे आजोबासुद्धा लिहिते झाले. कथालेखकाला यात एक धोका आहे. बोलून टंकन करा किंवा शब्द सुचवणारी पट्टी वापरा, यंत्र प्रमाण मराठीकडे ओढतं. डांगाणातली आजी गोष्टीत ‘तवा’, ‘व्हता’, ‘इच्यारलं’ असं बोलत असेल, तर पट्टी ‘तेव्हा’, ‘होता’, ‘विचारलं’ पुढे करते, आणि घाईत बोट तिथेच पडतं. दहा पानांनंतर आजी तलाठ्यासारखी बोलू लागलेली असते. यावर उपाय फोनमध्येच आहे. कळफलकाच्या सेटिंगमध्ये स्वतःचा शब्दकोश असतो, त्यात आपल्या बोलीचे शब्द भरून ठेवता येतात. अर्ध्या तासाचं काम आहे. ते न करता लिहिलेल्या ग्रामीण कथा वाचताना मला पात्रांची कीव येते.

शब्दकोशांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि ही श्रीमंती आता फुकट उपलब्ध आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. शिकागो विद्यापीठाने ते ऑनलाइन ठेवले आहेत. त्याच जागी मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती आहे, आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. ‘बृहद्कोश’ या संकेतस्थळावर अनेक मराठी कोश एकाच ठिकाणी चाळता येतात. बहुतेक लोक शब्दाचा अर्थ अडला म्हणजे कोश उघडतात. लेखकाने तो उलटा वापरावा. शिकागोच्या कोशात नुसता मूळ शब्द न शोधता नोंदींच्या आतला मजकूरही शोधता येतो. तिथे ‘बैल’ घालून पाहा. बैलाच्या चालीचे, शिंगांचे, रंगाचे, खोडींचे, जुंपण्याच्या दोरांचे शब्द रांगेने समोर येतात, आणि पुष्कळ नोंदींत तो शब्द कोकणातला की वऱ्हाडातला याची खूणही कंसात दिलेली असते. डांगी बैलावर गोष्ट लिहिणाऱ्याला याहून मोठी मदत कुठली? तेवढ्यावर थांबू मात्र नये. कोशातला शब्द राजूरच्या बाजारात चालतो का, हे जनावरं घेऊन आलेल्या माणसालाच विचारावं लागेल.

शुद्धलेखनाचं घोडं अजून अडलेलंच आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. तेव्हापासूनचे हे अठरा नियम दोन-तीन पानांत मावतात. मराठीचे तपासनीस आहेत, पण विभक्तीचे प्रत्यय आणि सामान्यरूपं लागलेले शब्द त्यांना पुरते झेपत नाहीत. बरोबर शब्दाखाली लाल रेघ येते आणि ऱ्हस्व-दीर्घाची खरी चूक सुटून जाते. अरुण फडके यांची शुद्धलेखनावरची पुस्तकं जवळ ठेवावीत, हेच आजही खरं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटकडून मराठी परिच्छेद लिहवून घेण्याची टूम आता आली आहे. त्या मजकुराचं व्याकरण बरं असतं, पण वाक्यं अनुवादासारखी वाटतात आणि माणसं कुठल्याच गावची नसतात. त्याच्याकडून मुद्द्यांची यादी करून घ्या, संवाद घेऊ नका.

माझ्या मते सगळ्यांत मोठा खजिना वेगळ्याच ठिकाणी आहे आणि कथालेखक तिकडे फिरकतही नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संग्रहाने २०१७ पासून त्या क्रमाने प्रसिद्ध करायला सुरुवात केली. एखादी नोंद उघडून पाहा. ओवी लिहिलेली असते, अनेकदा बाईच्या आवाजात ऐकताही येते, आणि खाली गाणारीचं गाव, तालुका, जात, वय, मुलंबाळं, कामधंदा दिलेला असतो. तेवढ्या चार ओळींत एक अख्खं पात्र उभं आहे. भावाबद्दल, सासरबद्दल, पावसाबद्दल, सीतेच्या वनवासाबद्दल या बायका काय म्हणत होत्या हे ऐकल्यावर मालिकेतल्या सुनेसारखी सून लिहिणं कुणालाही जड जाईल. तसंच डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण. एकच गोष्ट कुठल्या भागात कशी बोलली जाते याचे नकाशे आणि गावकऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींची ध्वनिमुद्रणं तिथे आहेत. संवाद लिहिणाऱ्याने कानाला सवय लावावी ती इथे.

ऐतिहासिक कादंबरीची हौस या भागात स्वाभाविक आहे. क्रांतिकारक राघोजी भांगरे देवगावचे, म्हणजे राजूरच्या शेजारचेच. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यांच्यावर लिहू पाहणाऱ्याला १८८४चं अहमदनगरचं गॅझेटियर ऑनलाइन मिळतं आणि कॅप्टन मॅकिंटॉशने महादेव कोळ्यांविषयी १८३०च्या दशकात लिहिलेला वृत्तान्तही सापडतो. घाट, किल्ले, पिकं, पाऊस, वाटा यांची माहिती घ्यायला हे कागद उत्तम. पण ते राज्यकर्त्यांनी लिहिले आहेत. त्यांत बंड करणारा माणूस दरोडेखोर ठरतो, आणि त्याच्या घरातली बाई तर दिसतच नाही. ती जागा भरण्यासाठी कादंबरीकार असतो. विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाची फुकट उतरवून घेता येणारी पुस्तकं आणि इंटरनेट आर्काइव्हवरचे जुने मराठी ग्रंथ यांचीही इथे मदत होते. घाटमाथ्याकडे गेलं की नेटवर्कची खात्री नसते, म्हणून राजूरमध्ये असतानाच पीडीएफ उतरवून ठेवावीत.

आता फॅन फिक्शनकडे येऊ. दुसऱ्याची पात्रं घेऊन आपली गोष्ट लिहिणं मराठीला नवं नाही. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली. एकात तर ओष्ठ्य वर्णच येऊ दिले नाहीत. ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘राधेय’ या कादंबऱ्यांनी महाभारतातल्या माणसांना नवं मन दिलं आणि मराठी वाचकाने ते डोक्यावर घेतलं. पुराणांबाहेर मात्र आपण बिचकतो. त्याचं एक कारण कायद्याबद्दलचं अज्ञान. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्व हक्क चालतो, आणि ती साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ सगळ्यांचे झाले. चिमणरावांना सहकुटुंब भंडारदऱ्याला आणा, राजूरच्या बाजारात गुंड्याभाऊंची एखाद्या व्यापाऱ्याशी हुज्जत लावून द्या, कुणाची परवानगी लागत नाही. दूरदर्शनची मालिका आणि चित्रपट यांचे हक्क वेगळे आहेत, तेव्हा आधार मूळ कथांचाच घ्यावा. हरिभाऊ आपट्यांची पात्रं तर कधीचीच मोकळी आहेत. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचा फास्टर फेणे २०६१ संपेपर्यंत बांधलेला आहे. त्याच्यावर लिहून छापायचं तर वारसांना विचारावं.

फॅन फिक्शनचं इंग्रजीतलं मोठं घर म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’. २००९ मध्ये ते सर्वांसाठी उघडलं, स्वयंसेवक ते चालवतात, जाहिराती नाहीत, आणि २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मराठी मजकूर तिथे अगदी तुरळक. पण त्या जगातली एक रीत मराठी लेखकाने तातडीने उचलावी अशी आहे. तिथे पुष्कळ लेखक कथा टाकण्याआधी ती ‘बीटा रीडर’ला दाखवतात. हा वाचक मित्रच असतो, पण त्याचं काम वाहवा करण्याचं नसतं. इथे पात्राचा आवाज बदलला, हा प्रसंग दोनदा आला, हे पान वगळलं तरी चालेल, असं तो सांगतो. कथेच्या माथ्यावर लेखक त्याचे आभार मानतो.

आपल्याकडे हे काम संपादक करत. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेल्या पत्रांची आठवण लेखक अजून काढतात. खेड्यातून आलेल्या नवख्या माणसाच्या कथेवरही तिथे सविस्तर उत्तर जाई. ‘मायबोली’ १९९६ पासून आणि ‘मिसळपाव’ २००७ पासून ही संकेतस्थळं मराठी लेखन आणि वाचकांचे प्रतिसाद एकत्र आणत आहेत. तिथे अजूनही कुणीतरी मूळ मुद्द्यावर बोट ठेवतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’ या कथांच्या व्यासपीठाने लेखकाला वाचकांची मोठी संख्या दिली, हे त्याचं श्रेय निर्विवाद आहे. गृहिणी, शिक्षक, नर्स, कॉलेजातली मुलं तिथे लिहिती झाली. पण तिथलं चलन ‘पुढचा भाग कधी?’ हे आहे. श्रीमंत उद्योगपती नायक, तडजोडीचं लग्न, गैरसमज, आणि रोजचा एक भाग. कथा संपवायचं कारणच उरत नाही, म्हणून ती संपत नाही. पाच तारे देणारा वाचक लेखकाचा उत्साह वाढवतो, पण तिसऱ्या परिच्छेदात काय बिघडलं हे त्याच्याकडून कळत नाही. म्हणून वर्षभर रोज लिहिणाऱ्या लेखिकेचं शेवटचं पान पहिल्या पानासारखंच राहतं. दोष तिचा नाही. तिला कुणी वाचून परत दिलेलंच नाही.

हे काम करणारं कुठलंही ॲप नाही आणि लवकर येईल असंही दिसत नाही. त्याला माणूसच लागतो. राजूरला महाविद्यालय आहे, मराठी शिकवणारे प्राध्यापक आहेत, वाचणारी मुलं आहेत, आणि ज्यांची बोली अजून कुठल्याच कोशात पुरती आलेली नाही अशी वडीलधारी माणसं तर घरोघरी आहेत. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की आठवड्यातला एक तास यासाठी राखावा. मुलांनी कथा ऑनलाइन टाकण्याआधी तिथे वाचून दाखवावी, बाकीच्यांनी पेन्सिल घेऊन ऐकावं, आणि खुणा केलेली पानं लिहिणाऱ्याला परत द्यावीत.