उन्हे कलल्याचा तक्ता

मुंबईतल्या मशिदींत, दाराशी किंवा वजूच्या हौदाजवळ, एक तक्ता टांगलेला दिसतो : दायमी औकाते-नमाज. नमाजच्या वेळांचा कायमचा तक्ता. पहिल्याच शब्दावर थबकावे. रमजान, मोहरम, ईद हे सारे चंद्रावर चालते आणि दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. हा तक्ता मात्र जानेवारी ते डिसेंबर असा आखलेला, कारण नमाजच्या पाचही वेळा सूर्याच्या. एकदा हिशेब मांडला की तोच कागद वर्षानुवर्षे पुरतो. चंद्राच्या घरात सूर्याला दिलेली ही खोली ‘दायमी’ या एका शब्दात किती नेमकी सांगितली आहे!

आता जवालचा, म्हणजे मध्यान्हाचा रकाना वाचू. बारा वाजता मध्यान्ह ही आपली समजूत इथे मोडते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई ७२.८ अंशांच्या आसपास. अंशाला चार मिनिटे धरली तर फरक ३९ मिनिटांचा, म्हणून मुंबईचा मध्यान्ह सरासरीने १२:३९ ला. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे हा मध्यान्हही स्थिर नाही : नोव्हेंबरच्या आरंभी १२:२२, फेब्रुवारीच्या मध्याकडे १२:५३. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी ‘बॉम्बे टाइम’ची हीच ३९ मिनिटे शहराने पुढे कित्येक वर्षे जपली. शेवटी घड्याळे बदलली. ती जुनी वेळ या रकान्यात मात्र अजून चालू आहे. शिवाय सूर्य ऐन माथ्यावर असतो तेव्हा नमाज नाही. तो ढळला की जोहर, म्हणजे दुपारची नमाज, सुरू होते. आपण ‘उन्हे कलली’ म्हणतो, त्या कलण्याला इथे मिनिट लाभले आहे.

असरचे, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजचे, रकाने दोन असतात, आणि तक्त्याची खरी खुमारी तिथे आहे. ही वेळ सावलीने मोजायची. मध्यान्हीची उरलेली सावली ती साया-ए-असली. सुन्नींच्या शाफई आणि हनफी या दोन परंपरा ती वेगळी धरतात : तिच्यात वस्तूच्या उंचीएवढी भर पडली की शाफईंची असर, दुप्पट भर पडली की हनफींची. कोकणी मुसलमान शाफई, शहरातले बहुसंख्य सुन्नी हनफी, म्हणून मुंबईच्या दुपारीला दोन टोके. मेच्या मध्याला सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि मूळ सावली शून्य होते. त्या दिवशी एक असर पावणेचारच्या सुमारास, दुसरी पाच वाजून गेल्यावर. २१ डिसेंबरला मात्र मीटरभर काठीची मध्यान्हीची सावलीच ९१ सेंटिमीटर पडते. ती वगळून मोजण्याची अट नसती, तर हिवाळ्यात जोहर संपता संपता असर दारात उभी राहिली असती. एका वजाबाकीने बारा महिन्यांची दुपार सांभाळली आहे.

मगरिब म्हणजे सूर्यास्त. इथे गणित सरळ, पण बोट खाली नेत गेलात तर गंमत सापडेल. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ चा, तरी मुंबईतला सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीकडेच होऊन गेलेला असतो. उलट सूर्योदय आणखी उशिरा-उशिरा होत राहतो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाल्यावर कुठे सकाळ लवकर उजाडू लागते. नुसत्या आकड्यांच्या रांगेत थंडीची अशी चाल टिपलेली पाहिली की दाद द्यावीशी वाटते.

फजरचा, म्हणजे पहाटेच्या नमाजचा, रकाना सर्वांत नाजूक. पहाटेआधी पूर्वेला एक उभा, निमुळता उजेड दिसतो. अरबांनी त्याला लांडग्याची शेपटी म्हटले. ही सुबह काजिब, खोटी पहाट : ग्रहांमधल्या धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश. मग क्षितिजाला समांतर पांढुरकी कड पसरते, ती सुबह सादिक, खरी पहाट. आपल्याकडचे बहुतेक तक्ते सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की ती धरतात. मुंबईत सूर्योदयाआधी साधारण सव्वा तास. लंडनमध्ये जूनच्या रात्री सूर्य १८ अंशांपर्यंत उतरतच नाही, तिथे वेगळा नियम शोधावा लागतो. खऱ्या-खोट्या पहाटेतला भेद डोळ्यांनी ओळखला आणि मग तो अंशांत बांधला, यात कवी आणि गणिती दोघांचा हात दिसतो.

शेवटी इतर गावांसाठीची मिनिटांची वजाबाकी. नागपूरचा मध्यान्ह मुंबईच्या २५ मिनिटे आधी, बाराही महिने. सूर्यास्त मात्र जूनमध्ये २१ मिनिटे आधी आणि डिसेंबरमध्ये २९, कारण नागपूर पूर्वेलाच नव्हे, थोडे उत्तरेलाही आहे. पुण्याला चार मिनिटे पुरतात. तिथे उन्हे कलली की चार मिनिटांनी मुंबईत कलतात. मधला बोरघाट सूर्य तेवढ्यात उतरून येतो.