अंतःसाक्ष आणि मंडळीची मान्यता
पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराच्या निमित्ताने

पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. संकलन सिस्टर जेराल्डिन यांचे असून संपादन अ. भि. शहा यांचे आहे. आपल्या मंडळ्यांतून रमाबाईंचे चरित्र आदराने सांगितले जाते. परंतु ते बहुधा केडगावच्या कार्यापासून सुरू होते, आणि १८८३ ते १८८६ ही इंग्लंडमधील वर्षे दोन वाक्यांत आटोपली जातात. पाळकांनी व धर्मशिक्षकांनी हा ग्रंथ वाचावा असे आम्हांस वाटते, ते मुख्यतः याच वर्षांकरिता.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या पत्रांत त्यांच्या शंका उघडपणे येतात. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, मंडळीचे मतांगीकार यांविषयी त्या प्रश्न करतात. जे शास्त्रात आपणांस आढळत नाही, ते केवळ मंडळी सांगते म्हणून मान्य करण्यास त्या तयार नाहीत. पुरोहितांचे एक जू मानेवरून उतरविल्यावर दुसरे चढवून घेणार नाही, असा त्यांचा आशय आहे. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नसावीत, हा त्यांचा प्रश्नही याच वृत्तीचा आहे.

१८८४ साली चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. अशाने स्वदेशी त्यांचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रमाबाईंनी उत्तरादाखल आपल्या घरचाच दाखला दिला. जी गोष्ट पित्याने व पतीने निषिद्ध मानली नाही, ती परक्या धर्माधिकाऱ्यांनी निषिद्ध ठरवावी, याचे त्यांना नवल वाटले.

सिस्टर जेराल्डिन यांना या सर्वांत अहंकार दिसतो, आणि तसे त्या लिहितात. संकलकाच्या या टीपा ग्रंथाचे वैगुण्य आहेत असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. स्वतःच्या विरुद्ध जाणारी पत्रेही त्यांनी जपून ठेवली. त्यामुळे वाचकापुढे दोन्ही पक्ष येतात. प्राचार्या डोरोथिया बील यांची पत्रे तर आमच्या व्यवसायास धडा घालून देणारी आहेत. त्या शंकेला शंका म्हणूनच उत्तर देतात, अपराध म्हणून नव्हे.

आता खरा प्रश्न. अंतरात उमटणारा प्रत्येक शब्द देवाचाच असतो काय? तसे मानणे धोक्याचे आहे. हट्टदेखील अंतरातूनच बोलतो. मग रमाबाईंची अंतःसाक्ष हट्टाहून वेगळी कशावरून? आम्हांस तीन खुणा दिसतात. त्या आपले म्हणणे शास्त्रापुढे ठेवतात. कारणे उघड सांगतात. आणि त्याची किंमत स्वतः भरतात. ही किंमत एकाच बाजूने भरावी लागली नाही. १८८९ साली मुंबईत निघालेले व पुढे पुण्यास नेलेले शारदा सदन १८९३ साली वादात सापडले. रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली जाऊन बसतात, म्हणून रानडे व भांडारकर यांनी सल्लागार समिती सोडली, आणि पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंनी मुलींवर सक्ती केली नाही, तसेच प्रार्थनेचे दारही लावले नाही. एकीकडे बिशपांची मान्यता नाही, दुसरीकडे सुधारकांची गेली. तरी पाऊल तेच राहिले.

चौथी खूण सर्वांत महत्त्वाची आहे. १९०७ सालच्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, आरंभी आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त पुढे लाभला. ज्या अंतःकरणाने बाहेरचे दडपण नाकारले, त्याच अंतःकरणाने स्वतःची उणीव ओळखली. हट्ट स्वतःला दुरुस्त करीत नाही.

या पत्रांत एक उणीव मात्र जाणवते. आपल्या भाषेत बोलणारी, बरोबरीने शोध घेणारी मंडळी रमाबाईंच्या भोवती तेव्हा नव्हती. गलतीकरांस लिहिताना पौल सांगतो की, पाचारण झाल्यावर त्याने कोणा मनुष्याचा सल्ला घेतला नाही. परंतु पुढे यरुशलेमेस जाऊन आपली सुवार्ता प्रमुखांपुढे मांडलीही. अंतःसाक्षीला अनुमतीची गरज नसेल, संगतीची असते. ती संगती देणे हे मंडळीचे काम होते, आणि आजही आहे.

बाप्तिस्म्याच्या वर्गात प्रश्न करणाऱ्यास आपण उद्धट समजतो, आणि पाठ केलेली उत्तरे म्हणणाऱ्यास सिद्ध समजतो. अशा वेळी आपण त्याचा विश्वास तपासीत नसून आपल्याशी असलेले त्याचे एकमत तपासीत असतो. बिरुयातील लोकांनी पौलाचे म्हणणेही शास्त्राशी ताडून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसाच झाली. पुढील वर्ग सुरू करण्यापूर्वी आपल्या बंधूंनी जेराल्डिन व बील यांची पत्रे शेजारी ठेवून वाचावीत, आणि आपण कोणाच्या बाजूस बसतो हे पाहावे.