आप बाकची लढाई व तिचे साक्षीदार

नील शीहन यांचा 'अ ब्राइट शायनिंग लाय' हा ग्रंथ १९८८ सालीं प्रसिद्ध झाला व दुसऱ्याच वर्षीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. जॉन पॉल व्हॅन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचें हें चरित्र व्हिएतनामच्या युद्धाचा इतिहास म्हणूनही वाचलें जातें. ग्रंथ मोठा आहे. आम्ही येथें त्यांतील आप बाकच्या लढाईपुरतेंच परीक्षण करणार आहों; कारण ग्रंथकारानें युद्धाविषयीं जो निकाल दिला आहे, त्याचा पाया याच प्रकरणांत घातलेला आहे.

पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. १९५४ च्या जिनीव्हा करारानें व्हिएतनाम सतराव्या अक्षांशाजवळ दुभंगला. कराराच्या देखरेखीसाठीं भारत, कॅनडा व पोलंड यांचें मंडळ नेमण्यांत आलें. अध्यक्षपद भारताकडे होतें. डिसेंबर १९६१ मध्यें अमेरिकन हेलिकॉप्टर विमानें आपल्या वैमानिकांसह सायगावांत उतरलीं. जून १९६२ च्या खास अहवालांत मंडळाच्या भारतीय व कॅनेडियन सभासदांनीं उत्तरेची घुसखोरी व दक्षिणेस मिळणारी अमेरिकन मदत या दोहोंसही करारभंग ठरविलें. पोलिश सभासदानें भिन्नमत नोंदविलें. म्हणजे परकीय सैन्य तेथें केवळ 'सल्लागार' होतें, हा शब्दप्रयोग त्याच काळीं वादग्रस्त झाला होता.

२ जानेवारी १९६३ रोजीं मेकाँगच्या मुखप्रदेशांतील आप बाक या खेड्याजवळ सुमारें साडेतीनशें व्हिएतकाँग सैनिकांस दक्षिणेच्या सातव्या डिव्हिजननें गांठलें. दहा वाहतुकीचीं व पांच सशस्त्र अशीं पंधरा हेलिकॉप्टर विमानें हाताशीं होतीं. त्यांपैकीं चौदांस गोळ्या लागल्या व पांच गमवावीं लागलीं. दक्षिणेचे सुमारें ऐंशी सैनिक व तीन अमेरिकन मारले गेले. रात्रीं व्हिएतकाँग सैनिक निघून गेले. दुसरे दिवशीं रिकामें खेडें हातीं येतांच जनरल हार्किन्स यांनीं विजय झाल्याचें सांगितलें.

शीहन यांचें मोठें श्रेय असें कीं, त्यांनीं अमेरिकन बाजूच्या कथनाशेजारीं व्हिएतकाँगचा हस्तगत झालेला लढाईचा अहवाल ठेवला. अठरा मृत व एकूणचाळीस जखमी हा त्या बाजूचा आंकडा, आणि धांवत्या विमानाच्या पुढें नेम धरण्याची त्यांनीं पूर्वीं केलेली तालीम, हीं त्यामुळें उजेडांत येतात. ज्या शस्त्रानें शत्रूची गाळण उडेल असें मानलें होतें, त्याची भीति शत्रूनें कशी जिंकली हें शत्रूच्याच कागदावरून दिसतें. बखरीवर विसंबून न राहतां अस्सल कागद हुडकणाऱ्यास या पद्धतीचें मोल सांगावयास नको.

परंतु दुसरा मुख्य साक्षीदार जे व्हॅन, त्यांस हीच कसोटी लावलेली दिसत नाहीं. व्हॅन हे सातव्या डिव्हिजनचे सल्लागार होते. अर्थात् त्या दिवसाच्या जबाबदारींत त्यांचाही वांटा होता. शिवाय ते वार्ताहरांस बातमी पुरवीत आणि शीहन स्वतः त्या वार्ताहरांपैकीं एक होते. व्हॅन छोट्या टेहळणी विमानांतून लढाई पाहत होते. ली तोंग बा यांच्या चिलखती गाड्या वेळेवर आल्या नाहींत, हा त्यांचा मोठा आक्षेप. शीहन कालव्यांचा उल्लेख करतात. तथापि आकाशांतून जो कालवा रेघेएवढा दिसतो तो दहा टनांच्या गाडीस केवढा अडथळा होतो, हें गाडींतल्या मनुष्यानेंच सांगावें. त्याची साक्ष येथें फार क्षीण ऐकूं येते.

मार्क मोयर यांनीं 'ट्रायम्फ फॉरसेकन' (२००६) या ग्रंथांत नेमका हाच दोष दाखविला. राखीव तुकडी शत्रूच्या तोंडाशीं उतरली यांत व्हॅन यांचीच चूक होती व ती झांकण्यासाठीं त्यांनीं दक्षिणी अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला, असें त्यांचें म्हणणें आहे. आक्षेप विचारार्ह आहे; पण संध्याकाळीं जनरल काओ यांनीं छत्रीधारी सैन्य शत्रूची वाट रोखण्याऐवजीं पश्चिमेस उतरविलें व पूर्व बाजू मोकळी ठेवली, हें त्यानें पुसलें जात नाहीं.

आमच्या मतें दोन्ही ग्रंथकार अपराधी मनुष्य शोधण्यांत गुंतले आहेत. दहा विमानांतून एका खेपेस एकच कंपनी नेतां येई. सकाळच्या धुक्यानें पुढच्या खेपा अडतांच सैन्याचे तुकडे पडले. वैमानिक अमेरिकन, सैनिक व्हिएतनामी. सल्लागारास सेनापतीवर हुकूम चालवितां येत नव्हता आणि सेनापतीचा वैमानिकांवर अधिकार नव्हता. ज्याचें यंत्र त्याचे सैनिक नव्हेत, आणि ज्याचे सैनिक त्याचें यंत्र नव्हे, अशा सैन्यांत चूक कोणा एकाची ठरविणें कठीण. परकीय मदतीचा हा मूळचाच दोष शीहन यांच्या सामग्रींतून स्पष्ट निघतो; त्यांच्या निकालांत मात्र तो व्यक्तींच्या गुणदोषांखालीं दबतो.

ग्रंथ संग्राह्य आहे यांत शंका नाहीं. मात्र त्यावरून दक्षिण व्हिएतनामी सैन्यास सरसकट भ्याड ठरविणारांनीं त्या दिवशीं मेलेल्यांची संख्या पुन्हां वाचावी. ज्या पक्षाचें राज्य १९७५ सालीं बुडालें, त्याची बाजू मांडण्यास दरबार उरत नाहीं. म्हणूनच तिची साक्ष काढण्याची जबाबदारी इतिहासकारावर अधिक येते.